पुलाखालची खिचडी

१

रविवारी संध्याकाळी भूपेंद्रचा फोन आला तेव्हा जयश्री पाहुण्यांच्या चादरी गोळा करत होती. शनिवारी तिच्या नूतनचा साखरपुडा झाला होता. नंदुरबारकडचे शेवटचे पाहुणे दुपारच्या गाडीने गेले, त्यामुळे त्या रविवारी ना तिला उपासनेला जाता आलं, ना पुलाखाली अन्न वाटायला.

"ताई, आज फार वाईट झालं," भूपेंद्र म्हणाला. "आपण वाटलेलं सगळं अन्न मगनने गटारात फेकलं."

"कोण मगन?"

"तो दाढीवाला. प्रार्थनेला रांगेत बसायचं नाही म्हणून मागे माझ्याशी भांडला होता, तो. आमची योगिता पाण्याचा जार विसरली होती, म्हणून परत गेली. तिच्या डोळ्यांदेखत त्याने एका म्हातारीच्या हातातली पिशवी हिसकावली आणि टाकून दिली. सगळ्यांच्याच हिसकावल्या म्हणे."

सुरतेतल्या नवागामच्या त्यांच्या प्रार्थनागटात अकरा माणसं होती. दर रविवारी उषाबाईंच्या घरी उपासना व्हायची. मग उषाबाईंच्या हातची खिचडी सगळे जेवायचे आणि तीच खिचडी पिशव्यांत भरून दिंडोलीच्या पुलाखाली राहणाऱ्या बेघर माणसांना द्यायचे. आपण खातो तेच द्यायचं, हा भूपेंद्रने घालून दिलेला नियम. आजवर तो मोडला नव्हता आणि गटातल्या प्रत्येकाला त्याचा मनातून अभिमान होता. जयश्रीला तर होताच.

"अन्नाचा असा अपमान!" ती म्हणाली. "माज आला असेल त्याला."

सोमवारी सकाळी ती कामावर निघायच्या बेतात होती, तेव्हा सरकारी दवाखान्यातून फोन आला. तारा नावाची एक बाई भरती झाली होती. तिच्या पदराच्या गाठीत एका चिठ्ठीवर जयश्रीचा नंबर होता. सोबत विठ्ठल नावाचा एक म्हातारा होता. दोघांना रविवार दुपारपासून उलट्या-जुलाब सुरू होते.

"बाईचं ठीक आहे," पलीकडचा आवाज म्हणाला. "म्हाताऱ्याचं काही सांगता येत नाही."

२

जयश्री कडोदऱ्याच्या एका साडी कारखान्यात चेकिंगला होती. दिव्याखाली साडी सरकत जायची आणि डाग, तुटका धागा, हुकलेली छपाई तिच्या नजरेतून सुटायची नाही. बावीस वर्षं हेच काम. गटात कुणाचं काही हरवलं, कुठे काही बिनसलं, की लोक म्हणायचे, जयश्रीताईंना विचारा, त्यांना दोष लगेच दिसतो. तिने कारखान्यात अर्ध्या दिवसाची रजा सांगितली आणि दवाखाना गाठला.

तरुण डॉक्टरीणबाई घाईत होत्या. "काय खाल्लं होतं यांनी? कधी शिजवलेलं?"

"खिचडी. रविवारी सकाळी शिजवलेली, ताजी," जयश्री ठासून म्हणाली. "आमच्या गटातल्या लोकांनीही तीच खाल्ली. कुणाला काही झालेलं नाही."

"नक्की?"

"मॅडम, आम्ही शिळं देत नाही कुणाला."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर तसं लिहून घेतलं. "मग त्यावर कुणी काहीतरी टाकलं असेल, नाहीतर यांनी दुसरं काही खाल्लं असेल. पोलिसांना कळवावं लागेल."

तारा भिंतीकडे तोंड करून पडली होती. पन्नाशीची बाई, एका रात्रीत सत्तरीची दिसत होती.

"तारा, मगनने अन्नात काही टाकलं का गं?"

"तो कशाला टाकेल? त्याने तर माझ्या हातातून ओढून घेतलं. मी अर्धं खाल्लं होतं. विठ्ठलबाबाचं संपलं होतं." तिने कूस वळवली. "तुमचा टेम्पो निघाला, तसा मगन त्याच्या मागे ओरडत धावला. मग परत येऊन सगळ्यांच्या हातातलं ओढत सुटला. लोकांनी मारलं त्याला. मीही दगड मारला एक."

"त्याने स्वतः खाल्लं?"

"पिशवी उघडली आणि नाकाला लावली, एवढं मी पाहिलं. खाल्लं नाही."

बाहेर व्हरांड्यात जयश्रीने भूपेंद्रला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, मीच चौकीत जाऊन आलो. मगनला आणून बसवलंय. तुम्ही आता यात पडू नका. म्हाताऱ्याचं बरंवाईट झालं, तर सुटत नाही तो."

जयश्री जिना उतरली. माणसाने अन्नात विष घातलं असेल, तर तेच अन्न तो लोकांचा मार खाऊन त्यांच्या तोंडातून का काढून घेईल? या एका प्रश्नाने तिला घरी जाऊ दिलं नाही. ती रिक्षा करून पुलाखाली गेली.

३

मे महिन्याचं ऊन पुलाच्या खांबांना भिडलं होतं. गटार सकाळीच कुणीतरी साफ करून गेलं होतं. सावलीतली माणसं जयश्रीला बघून उठली नाहीत. एरवी हात जोडायची.

गटाराच्या काँक्रीटच्या काठावर मात्र थोडी शितं वाळून चिकटली होती. ती उकिडवी बसली. कारखान्यात साडीवर वाकायची तशीच वाकली.

उषाबाईंची खिचडी तिला कुठेही ओळखता आली असती. जाड तांदूळ, तुरीची डाळ, हळदीचा झगझगीत पिवळा रंग. इथे पिवळं काहीच नव्हतं. शितं लांब होती, पांढरी. मधे सुकून सुरकुतलेला एक हिरवा वाटाणा. थोडा पुढे तळलेल्या कांद्याचा काळपट तुकडा. आणि त्याला लागून तुपात परतलेला अर्धा काजू.

पुलाखाली वाटायच्या अन्नात काजू कोण घालतं?

जयश्रीने तो काजू बोटांनी उचलला. तो तिने स्वतः निवडला होता. शुक्रवारी दुपारी, नूतनला शेजारी बसवून. आख्खे काजू व्याह्यांच्या ताटासाठी आणि तुकडे पुलावात.

शनिवारी जेवणं उरकल्यावर मोठं पातेलंभर पुलाव उरला होता. चार वाजता तो भूपेंद्रने आपल्या टेम्पोत ठेवून नेला. "उधना स्टेशनबाहेर आत्ताच वाटून टाकतो, ताई," असं म्हणाला होता. आज सकाळी पातेलं घासूनपुसून तिच्या दाराशी आलंसुद्धा.

मग शनिवारचा पुलाव रविवारी इथे कसा आला?

४

उषाबाई श्रीरामपूरकडच्या. मुलीकडे राहायला सुरतेत आल्याला त्यांना वर्षही झालं नव्हतं. जयश्री आली तेव्हा त्या ओट्यापाशी भांडी लावत होत्या.

"मावशी, काल खिचडी किती टाकली होती?"

उषाबाईंचा हात थांबला. "का गं?"

"सहज."

"छोटं पातेलं चढवलं होतं. आपल्यापुरतं." त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "भूपेंद्रचा सकाळी फोन आला. म्हणाला, मावशी, पुलाखालच्या माणसांची आज दुसरी सोय झालीये, तुम्ही दमू नका. माझे गुडघे तसेही बोलत होते. मी म्हटलं, बरं झालं."

म्हणजे गटाने खाल्लं ते एका पातेल्यातलं आणि पुलाखाली गेलं ते दुसऱ्या. आम्हीही तेच खाल्लं, कुणाला काही झालं नाही, या एका वाक्यावर मगन चौकीत बसला होता. ते वाक्यच खोटं होतं. आणि डॉक्टरीणबाईंच्या कागदावर ते जयश्रीनेच लिहवलं होतं.

"तुम्ही टेम्पोत होता ना काल, वाटायला?"

"होते ना. मागे बसले होते. तो मगन काय गं मेला! टेम्पो निघाला तर मागे धावत आला, फळकुटावर हात आपटायला लागला. 'उतर, उतर' म्हणून ओरडत होता. मी तर घाबरूनच गेले. खाली ओढून मारतो की काय!"

"उतर म्हणाला? मराठीत?"

"मराठीत नाही. त्याच्या भाषेत. उतरी... उतरी गयू, असं काहीतरी. पिशवी नाचवत होता नाकापुढे. भूपेंद्र म्हणाला, मावशी, लक्ष देऊ नका, खाली उतरा म्हणतोय, मारायला आलाय."

जयश्री ओट्याला टेकली. तिच्या गल्लीतल्या गुजराती शेजारणी उन्हाळ्यात रोज सकाळी हे बोलायच्या. रात्रीची डाळ झाकून राहिली, तिला फेस आला, वास सुटला, की झाकण उचलून म्हणायच्या, "उतरी गई." उतरी गयुं म्हणजे अन्न आंबलं, खराब झालं.

मगन कुणाला खाली उतरायला सांगत नव्हता. तो सांगत होता की हे अन्न नासलं आहे.

उषाबाईंना ते कळलं नाही, हे समजण्यासारखं होतं. पण भूपेंद्र सुरतेत जन्मला, गुजराती शाळेत शिकला. त्याने 'उतरी गयुं'चा अर्थ मावशींना 'खाली उतरा' असा सांगितला. तो चुकून सांगितला नव्हता.

५

भूपेंद्रच्या दारात टेम्पो उभा होता. आत तो आणि योगिता जेवायला बसत होते. जयश्रीने बसायला नकार दिला आणि रुमालात बांधून आणलेला अर्धा काजू त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

योगिता अचानक रडायला लागली.

"मी सांगितलं होतं यांना," ती म्हणाली. "पिशव्या भरताना वास आला मला. हे म्हणाले, वरवरचा आहे, गरम कर, लिंबू पिळ. मी पिळलं. कोथिंबीरही घातली वरून. माझ्या या हातांनी वाटलं, ताई. जार आणायचं नुसतं निमित्त होतं. मन खात होतं म्हणून परत गेले होते बघायला."

"मग मगन फेकताना दिसला, तेव्हा बोलली का नाहीस?"

योगिताने नवऱ्याकडे पाहिलं.

भूपेंद्र ताट सरकवून उठला. "स्टेशनकडेच निघालो होतो मी. वाटेत कडोदऱ्याचं भाडं मिळालं. कापडाचे ताके उतरवता उतरवता पातेलं डोक्यातून गेलं. सकाळी टेम्पो उघडला तेव्हा आठवलं. वाटलं, एवढं अन्न वाया कशाला घालवायचं."

"बंद टेम्पोत, मे महिन्यात, रात्रभर. आणि मगनला चौकीत नेऊन बसवलंस!"

"मग काय करायला हवं होतं?" त्याचा आवाज चढला आणि लगेच पडला. "ताई, तुम्हाला माहीत नाही का, लोक आपल्याबद्दल काय बोलतात? खायला घालून माणसं आपल्या धर्मात ओढतात म्हणतात. आता म्हणतील, विष घातलं. गट बंद पडेल. उषामावशींच्या दारावर दगड येतील. म्हातारा बरा झाला की मगन सुटेलच. त्याच्यासारख्याला दोन दिवस चौकीत काय नवीन आहे?"

"त्याच्यासारख्याला?"

"हो. आणि तुम्ही मला न्याय शिकवू नका." तो आता तिच्याकडे बघत नव्हता. "पुलावाला वास तुमच्या घरीच सुटला होता. पातेलं उचलताना नूतन मला म्हणाली, दादा, आई म्हणतेय लवकर वाटा, जरा वास येतोय. मी खराब केला, खरं आहे. पण चांगला होता म्हणून तुम्ही दिला नव्हता."

जयश्रीची नजर ताटाशेजारच्या काजूवर गेली.

शनिवार, दुपारचे साडेतीन. उशिरा आलेल्या व्याह्यांकडच्या चार पाहुण्यांसाठी नूतन पुलाव वाढायला निघाली होती. तिने पातेल्यावर वाकून नाक मुरडलं. "आई, याला जरा वास येतोय गं." पहाटे पाचला शिजवलेला पुलाव होता तो. जयश्रीने पळीभर उचलून हुंगला. वास होता. "मग पाहुण्यांना नको वाढूस," ती म्हणाली, "त्यांना गरम पुऱ्या तळ. हे भूपेंद्रला दे. पुलाखाली चालेल."

पुलाखाली चालेल. हे वाक्य ती विसरली होती असं नाही. काजू उचलला तेव्हापासून ते तिच्या जिभेच्या मुळाशी येऊन बसलं होतं आणि ती त्याला गिळत होती. दिवसभर सगळ्यांच्या मालातले दोष काढत फिरली, कारण तेवढा वेळ स्वतःच्या मालाकडे बघावं लागत नव्हतं.

"आता तुम्हीच सांगा," भूपेंद्र म्हणाला. "जायचं चौकीत?"

योगिता पदराने डोळे पुसत होती. जयश्रीला वाटलं, आपण 'राहू दे' म्हटलं, तर हे दोघं आपले पाय धरतील. आणि खरं तर, राहू दे म्हणावंसं तिला फार वाटत होतं. नूतनचं लग्न दिवाळीनंतर होतं. सासरचे लोक मोठे टापटिपीचे.

"तू गाडी काढू नकोस," ती म्हणाली. "मी रिक्षाने जाते."

६

आधी ती दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंना शोधून काढलं आणि सकाळी लिहवलेलं खोटं होतं, हे सांगितलं. तीस तासांचा शिळा भात होता, वाटाण्याचा, बंद गाडीत राहिलेला. डॉक्टरीणबाईंनी मान वर केली, तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि नवीन कागद घेतला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग चौकी. तिथे तिने भूपेंद्रचं नाव सांगितलं आणि त्याच्याआधी स्वतःचं. "अन्न माझ्या घरचं होतं. वास आलेला मला माहीत होता," हे वाक्य तिला दोनदा म्हणावं लागलं. पहिल्यांदा ते इतकं हळू आलं की टेबलामागच्या माणसाने "शुं?" म्हणून विचारलं. जबाब झाला, सही झाली. पुढे काय होईल ते कळवू, असं त्याने सांगितलं.

मगनला बाहेर सोडलं तेव्हा संध्याकाळ होत आली होती. ओठ फुटलेला, शर्टाची एक बाही फाटलेली. हा मार पुलाखालच्यांचा होता. त्यांच्यासाठी त्यांच्याकडूनच खाल्लेला.

"मगनभाई," जयश्री हात जोडून म्हणाली, "चूक आमची होती. माझी होती."

तो थांबला. कतारगामला लग्नाच्या स्वयंपाकात त्याने पंधरा वर्षं काढली होती, हे तिला चौकीतच कळलं होतं. भट्टीच्या धुराने डोळे अधू झाले तसं काम गेलं. नाक तेवढं राहिलं.

"में कह्युं हतुं, बेन," तो म्हणाला. मी सांगितलं होतं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "गाडीमागे धावलो. तुमच्या भाईने मान बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं, आणि काच वर केली."

"हो."

"मला कशाला हात जोडता? मी खाल्लं नाही." तो रस्त्याकडे वळला. "विठ्ठलकाकाने खाल्लंय."

७

विठ्ठलबाबा त्या रात्री वाचला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काय खाल्लं ते नीट कळलं म्हणून औषध बदलता आलं. जयश्रीने हे वाक्य ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्यातून स्वतःला थोडं पुण्य काढून घ्यायचा मोह तिला झाला होता आणि त्याचीही तिला लाज वाटली.

मंगळवारी सकाळी ती वॉर्डात गेली तेव्हा तो उशीला टेकून बसला होता. अमळनेरकडचा माणूस. तीस वर्षं लूमवर उभा राहिला होता, कानांनी आता फार ऐकू येत नव्हतं. तिला पाहून त्याने हात जोडले.

"तुमी येत ऱ्हाता म्हनून बरं शे, ताई," तो म्हणाला. "नहीतर आमले कोन इचारस?"

ही कृतज्ञता तिला सोसवेना. ती खाटेशेजारी खाली फरशीवर बसली. त्याला ऐकू जावं म्हणून तिला मोठ्याने बोलावं लागलं, इतकं मोठ्याने की शेजारच्या खाटेवरची माणसंही वळून पाहू लागली. पुलाव आपल्या घरचा होता. त्याला वास येत होता. पाहुण्यांना द्यायला लाज वाटली म्हणून तो तुम्हाला दिला. प्रत्येक वाक्य तिने पूर्ण केलं. मधे कुठेही भूपेंद्रचं नाव घेतलं नाही.

विठ्ठलबाबा ऐकत होता. तिचं संपल्यावर त्याने पांघरुणाची घडी नीट केली.

"माले वास उना व्हता," तो म्हणाला. मला वास आला होता.

"काय?"

"वास उना व्हता, ताई. पिशवी सोडताच उना." तो आता हळू बोलत होता, जणू तिलाच सांभाळून घ्यावं तसा. "पन ती पोर समोर उभी व्हती ना, योगिता. हात जोडीसन. डोया भरेल व्हतात तिना. काय झायतं तिले, माले ठाऊक नही. मी म्हनलं, हिना समोर कसं फेकू? तिले वाईट वाटी." तो थोडा हसला. "चार घास तं व्हतात. खाई लिनात."

जयश्री फरशीवर बसून राहिली. औषधाची गाडी घेऊन परिचारिका आली आणि म्हणाली, बाई, जरा बाजूला सरका. तिला सरकताही येईना. विठ्ठलबाबानेच हात पुढे केला, तिला उठायला आधार म्हणून.